अर्जातले निरक्षर वडील

२०१७ साली मी मुंबईतल्या एका संस्थेत एम. ए.साठी अर्ज केला. सोबत दोन पानांचं मनोगत हवं होतं: तुम्ही कोण, हाच विषय का. मराठीत चालणार होतं. मी ते एका बैठकीत लिहिलं आणि डहाणूला आमच्या कॉलेजच्या निवृत्त सरांकडे नेलं. सर मनोगतं फुकट तपासून देत, आणि त्यांच्याकडून तपासून नेणाऱ्या मुलांना प्रवेश मिळतोच असं सगळे म्हणत.

सरांनी चष्मा वर सरकवला. "हे 'आम्ही' कोण? सोबत आणखी कोण कोण येणारंय?"

दोन पानांत एकदाही 'मी' नव्हतं. वडील आमच्या गावी, उधव्याला मजुरी करतात आणि मजुरांच्या संघटनेची पत्रकं लिहितात. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. पत्रकात 'आम्ही' असतं आणि शेवटी मागण्या असतात. माझ्या मनोगताच्या शेवटीही तीन मागण्या होत्या. पहिली: वसतिगृहात जागा मिळालीच पाहिजे.

"अगं, तू प्रवेश मागतेयस की मोर्चा आणतेयस?"

मीही हसले. इथपर्यंत सरांचं बरोबर होतं.

"बरं, घरी वीज कधी आली?"

"माझ्या जन्माआधी."

"शाळा किती लांब?"

"समोरच."

"उपाशी झोपलीस कधी?"

"एकदा. चवळीची भाजी होती म्हणून."

"काहीतरी दे गं मला," सर वैतागले. "असं कोरडं कोण वाचणार?"

चार दिवसांनी त्यांनी स्वतः टाईप केलेलं मनोगत पाठवलं. मी तलासरीच्या झेरॉक्सच्या दुकानात त्याची प्रिंट काढायला गेले. वडील तिथेच पत्रकाच्या प्रती काढत होते. मशीनमधून आलेला कुठलाही कागद वाचायची त्यांना सवय आहे. त्यांनी माझा कागद उचलला. शाळा पाच किलोमीटर दूर गेली होती. पुढे लिहिलं होतं: 'निरक्शर बापाची मी लेक.'

वडिलांनी खिशातलं पेन काढलं, त्या शब्दाभोवती गोल केला आणि वर नीट 'क्ष' लिहिला.

"जोडाक्षर चुकलंय, बाय. असं नको पाठवू."

एवढंच बोलून ते आपल्या प्रती मोजू लागले.

मी बाहेर येऊन सरांना फोन लावला. "सर, माझे वडील लिहितात. मला त्यांनीच शिकवलं."

"ते तिथे कोणाला कळणारंय? सगळेच लिहितात असं. जागा मोजक्या असतात. तत्त्वं प्रवेश मिळाल्यावर काढ."

त्या वाक्याचा राग आजही येतो. सर वाईट नव्हते, म्हणून तर राग जास्त. आमच्यातला माणूस शिकलेला असूच शकतो, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. आणि ज्यांच्यासाठी ते लिहीत होते त्यांनाही आम्ही असेच हवे असणार: वाकलेले, अंगठा पुढे केलेला. ज्याने माझा हात धरून 'ळ' वळवला, त्याचा अंगठा मी शाईत बुडवायचा, म्हणजे मला खुर्ची मिळणार.

मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून मनोगत पुन्हा लिहिलं. सरांचं 'मी' तेवढं ठेवलं. मागण्या काढल्या. शेवटी लिहिलं: 'हे मनोगत माझ्या वडिलांनी तपासलं आहे. तरीही राहिलेल्या चुका माझ्या.' वडिलांनी वाचून दोन स्वल्पविराम घातले.

यादीत माझं नाव आलं नाही. सर फोनवर "बघ" एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी मी तोच अर्ज पुन्हा भरला. बदल एकच केला. मनोगतातलं 'शाळा घरासमोर होती' हे वाक्य उचलून पहिलं ठेवलं.