अबोल्यात चालणारी शाळा

बदली होऊन मी शिरड शहापूरच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेत गेले, तेव्हा तिथं दोनच शिक्षक होते. सर त्याच गावचे, सकाळी शेतातल्या हळदीला पाणी लावून शाळेत येणारे. मॅडम हिंगोलीहून एसटीनं यायच्या. हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, हे खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. काहून बोलत नाहीत, ते मावशींनाही ठाऊक नव्हतं.

मला वाटलं, आता इथं आपले हाल आहेत. पण झालं भलतंच. माझ्या आधीच्या शाळेत आम्ही सगळे एकत्र डबे खायचो, एकमेकांच्या घरी जायचो, आणि तरी परिपाठ कधी वेळेवर झाला नाही. इथं सरांनी घंटा दिली की मॅडमनी लेकरं रांगेत उभी केलेलीच असायची. सर दुसरीच्या वर्गातून बाहेर पडताना फळ्याच्या कडेला लिहून ठेवायचे, धडा कुठं थांबला, कुणाला जोडाक्षरं जमली नाहीत. मॅडम बरोबर तिथूनच पुढं धरायच्या. विचारायची सोय नसल्यानं कुणी काही अर्धवट ठेवायचंच नाही. संवाद असला की काम होतं, असं प्रशिक्षणात ऐकलेलं मला आठवायचं, आणि मी या दोघांकडं बघत राहायचे.

हिवाळ्यातल्या एका दुपारी दुसरीतल्या एका पोरीला सतरंजीखालच्या विंचवानं डंख मारला. मी औषधाच्या पेटीकडं धावले, तिथून परत पोरीकडं आले, मग घंटेकडं गेले. घंटेकडं कशाला, ते आजही सांगता येत नाही. तोवर सरांनी मोटारसायकल सुरू केली होती आणि मॅडम पोरीला पोटाशी धरून मागं बसल्या होत्या. दोघांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

संध्याकाळी ते परत आले तेव्हा पोरगी बिस्कीट खात होती. तिला खाली उतरवून मॅडम म्हणाल्या, “सर, तुमी जा घरी. तिच्या आईला मी सांगते.”

“बरं मॅडम,” सर म्हणाले.

मावशी हातातलं पातेलं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. दवाखान्यात काय झालं ते मी नंतर मॅडमना विचारलं. “काही न्हाई, बाकावर बसलो होतो,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून दोघं बोलायला लागले आणि शाळेचा मेळ बिघडत गेला. घंटा राहून जायची, कारण दुसऱ्यानं दिली असेल असं प्रत्येकाला वाटायचं. फळ्यावर लिहिणं बंद झालं. चहा पिताना सांगितलं होतं, असं सर म्हणायचे, आणि ते उद्याचं आहे असं मॅडमना वाटलेलं असायचं. एकदा एकानं मावशींना खिचडी सांगितली, दुसऱ्यानं वरणभात. मावशी चूल न पेटवताच बसून राहिल्या.

केंद्रप्रमुख भेटीला आले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, एवढी नेटकी शाळा, हिला झालं काय? दोघांची बोलाचाल सुरू झाली, असं मी खरं ते सांगितलं. मी थट्टा करते आहे असं वाटून ते नाराज झाले.

शेवटी मी सरांनाच विचारलं. ते सावकाश म्हणाले, “पहिले चूक झाली की कोणाची ते लगेच दिसायचं. आता दोघांची होते. मग कोणाला तकलीफ वाटत न्हाई.”

“मग बरं कोणतं होतं, सर?”

“मला आत्ताचं,” ते म्हणाले. “लेकरांचं सांगता येत न्हाई.”

मॅडम दरवर्षी हिंगोलीजवळच्या शाळेसाठी बदलीचा अर्ज करायच्या. यंदा त्यांनी केला नाही. विचारलं तर म्हणाल्या, आता करमून राहिलं इथं. ऐकून मला बरं वाटलं. बाहेर जेवणाची सुट्टी होऊन बराच वेळ झाला होता, लेकरं ताटल्या घेऊन बसली होती आणि खिचडी अजून शिजायची होती. आनंद मानावा की काळजी करावी, मला कळेना. मी उठून मावशींना लाकडं द्यायला गेले.