एन्नोरचा बर्फ आणि आमचा जुना फ्रीज

चेन्नईला थंडीत जावं, असं शहाणी माणसं सांगतात. मी भर मे महिन्यात गेले, कारण माझा धाकटा भाऊ निखिल फोनवर नुसता रडायचा बाकी होता. मोटारींच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून यानं वीज वाचवणारी यंत्रं बसवायचा धंदा काढलेला. पहिलं गिऱ्हाईक चेन्नईजवळच्या एन्नोरचा बर्फ कारखाना. विजेचं बिल घटेल असा शब्द देऊन बसला होता. नाही घटलं तर गाशा गुंडाळून पुण्याला परत.

एग्मोरला उतरलात तर स्टेशनसमोरच राहा. लॉज साधे, स्वस्त, आणि खालीच इडली. मी तीनदा सांबार मागितलं, वाढणाऱ्यानं भुवईसुद्धा उचलली नाही. देव त्याचं भलं करो!

सकाळी निखिलबरोबर सेंट्रलजवळून गुम्मिडिपूंडीची लोकल पकडली. तिकीट अगदीच किरकोळ. वीजकेंद्राची धुराडी दिसली की एन्नोर आलं समजायचं.

कारखान्याचे मालक रावसाहेब तंजावूरकडचे मराठी. शब्द आपल्या पणजोबांच्या काळचे, हेल तमिळ. आधी त्यांनी कॉफी पाजली, मग बिल पुढे सरकवलं. घटणं राहिलं बाजूला, थोडं वाढलंच होतं. निखिलचं तोंड एवढंसं झालं.

रावसाहेब मात्र खुशीत! पूर्वी वीज परवडत नाही म्हणून दुपारी यंत्र बंद असायचं, कोळी बर्फाविना परत जायचे, मासळी नासायची. आता एका लादीला वीज कमी लागते, म्हणून यंत्र दिवसभर चालू.

"बिल काय पाहतोस? बर्फ पाहा," ते म्हणाले. "असंच आणखी एक बसव."

परतीच्या गाडीत मी मैसूरपाक कुठला घ्यावा या विचारात, आणि हा धुराड्यांकडे बघत बसलेला.

"ताई, धंदा वाचला. पण मी वीज वाचवायला निघालो होतो ना?"

मासळी तरी वाचली की, असं मी म्हटलं. तो हसला, पण त्याला पटलं नव्हतं.

पुण्यात आल्यावर त्याच्याच सल्ल्यानं फ्रीज घेतला, तो नवीन निघालाय ना, ताऱ्यांचा. जितके तारे जास्त तितकी वीज कमी. जुना भंगारात द्यायचा ठरला होता. पण चालू वस्तू टाकवते का आपल्याला? तो आता गॅलरीत धडधडतोय, पोटात बाटल्या आणि कैऱ्या घेऊन. नव्यात वाचलेलीच वीज तर तो खातो, असं आमच्या ह्यांचं म्हणणं.

काल निखिलचा फोन आला. नवीन यंत्र बसलं म्हणे. मग विचारतो कसा, "ताई, तुमचं बिल किती उतरलं?"

"ते राहू दे," मी म्हटलं. "तू आलास की गारेगार पन्हं देते."

मग म्हणाला, "जुना फ्रीज कुठे ठेवलात?"