सहा नंबरच्या बेडमागची भिंत

सहा नंबरच्या बेडवर मी भिंतीकडे पाठ करून बसले होते. डायलिसिसचा अख्खा हॉल रिकामा. सहा बेड, सहा मशीन, खिडक्या बंद, एसी चालू. बुधवार, सकाळचे अकरा वाजायला पाच मिनिटं. सिस्टर लता दारात उभ्या होत्या. आत यायला तयार नव्हत्या.

"मॅडम, अजून विचार करा," त्या म्हणाल्या.

"विचार करूनच बसलेय."

मी पेशंट नाही. मी डिझेल जनरेटर तपासते. लाइट गेल्यावर हॉस्पिटल, सोसायट्या, कंपन्या ज्या इंजिनावर चालतात, ते कमी डिझेलमध्ये आणि कमी धुरात कसं चालेल हे बघणं माझं काम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील मार्केट यार्डात हमाल होते. दिवसभर काय केलं ते रात्री जेवताना त्यांना सांगावं लागायचं, आणि न समजता मान हलवणारा माणूस तो नव्हता. त्यामुळे सोपं करून सांगायची सवय लागली. त्या बेडवर कशी पोचले तेही तसंच सांगते.

बिबवेवाडीतलं हे छोटं हॉस्पिटल डॉ. बापटांचं. शेजारच्या सोसायटीने जनरेटरच्या काळ्या धुराची तक्रार केली होती. डॉक्टरांना धूर गाळणारं यंत्र बसवायचं होतं. आदल्या शनिवारी मी गेले.

"कुठला फिल्टर बसवायचा ते सांगा आणि मोकळ्या व्हा," डॉक्टर म्हणाले.

"आधी इंजिन बघते."

"बघा की. आमच्याकडे बघण्यासारखं तेवढंच आहे. शिंद्यांनी ते माझ्या पेशंटपेक्षा जास्त जपलंय."

ते खरं होतं. मागच्या पार्किंगमध्ये आवाजबंद पेटीत जनरेटर होता. पुसून लख्ख केलेला, वर जास्वंदीचं ताजं फूल. ऑपरेटर शिंदेमामा साठीच्या आसपासचे, मूळचे वाईकडचे. त्यांची वही माझ्या इंजिनियरिंगच्या जर्नलपेक्षा नीट होती. दर बुधवारी, अकरा ते साडेबारा, ट्रायल.

"बुधवारच का, मामा?"

"गुरवारी मेंटेनन्सला लाइट घालवत्यात न्हाय का पुण्यात? मग आदल्या दिशी चालवून ठेवायचं. ऐन टायमाला दगा नको."

"ट्रायलला लोड देता? म्हणजे वरचे दिवे, मशीन इंजिनावर घेता?"

"लोड कशाला? वर मशीनीला मानसं लावलेली असत्यात. लाइट झपकली तर? इंजिन आपलं आपलं चालतंय. एक बुधवार चुकला न्हाय माझा."

मी वाकून धुराच्या पाइपला बोट लावलं. डांबरासारखा चिकट काळा थर हाताला आला.

हे समजावून सांगते. मोठं इंजिन मोठ्या कामासाठी बनवलेलं असतं. त्याच्यावर काम टाकलं की ते आतून तापतं, आणि तापलं की डिझेल पूर्ण जळतं. रिकामं चालवलं तर ते कोमट राहतं. ओलं सरपण घातलेल्या चुलीसारखं. अर्धवट जळलेलं डिझेल आणि काजळी पाइपात साठते, जोडांतून गळते. इथे तर कधी पूर्ण काम मिळालंच नव्हतं. डिझेल वाचावं म्हणून डॉक्टरांनी सगळे एसी जनरेटरवरून काढून टाकले होते. लाइट गेली की एसी बंद, खिडक्या उघड्या. उरले दिवे आणि मशीन. म्हणजे पोतं वाहणाऱ्या माणसाला पिशवी धरायला उभं करायचं.

धुराचा पाइप नकाशावर सरळ डक्टमधून गच्चीपर्यंत जात होता. डक्ट म्हणजे पाइप वर नेण्यासाठी इमारतीत ठेवलेली उभी पोकळी. प्रत्येक मजल्यावर तिला एक दार असतं. पहिल्यावर होतं. दुसऱ्यावर होतं. तिसऱ्यावर नव्हतं. दार असायला हवं त्या जागी डायलिसिसचा हॉल होता.

मी आत डोकावले. सिस्टर लतांनी माझ्या हातातली टॉर्च बघितली.

"भिंतीचं बघायला आलात का?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुठल्या भिंतीचं?"

त्यांनी सहा नंबरच्या बेडमागचा पडदा सरकवला. पांढऱ्या रंगाखालून एक डाग वर आला होता. माणसाएवढा उंच. खाली अरुंद, वर रुंद, त्याच्यावर गोल.

"तीनदा रंगवून घेतली," सिस्टर म्हणाल्या. "गेल्या महिन्यात खांदे नव्हते."

बेडवर वडकेबाई होत्या. कसबा पेठेतल्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. हाताला नळ्या, पलीकडच्या मशीनमधून रक्त फिरून परत येत होतं. किडन्या काम करत नसल्या की आठवड्यातून दोनदा-तीनदा ते करून घ्यावं लागतं; बाईंचे वार बुधवार आणि शनिवार. चुकवलं तर अंगात पाणी साठतं. पाय सुजतात, मग छातीत पाणी होतं, मग श्वास अडकतो.

"आज काही नाही," वडकेबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "शनिवारी तो नसतो. बुधवारी येतो."

"कोण?"

"मला माहीत असतं तर नाव घेतलं असतं. मागे उभा राहतो. श्वास घेतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि खात्री पटते की आता हात ठेवेल. मी चौतीस वर्षं गणित शिकवलंय, बाई. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. म्हणून तर भीती वाटते."

"इतरांना?"

"बाकीच्यांचं नुसतं डोकं दुखतं," सिस्टर म्हणाल्या. "यांनी गेल्या बुधवारी अर्ध्यातच नळ्या काढायला लावल्या."

"येत्या बुधवारी मी येणार नाही," वडकेबाई म्हणाल्या. "मुलगा मानसोपचारवाल्याकडे नेतोय. तो तरी काय करणार? मी वेडी असेन तर आहेच. आणि नसेन तर मग इथे कोणीतरी उभं आहे."

मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. "बुधवारी सकाळी त्या हॉलमध्ये पेशंट नकोत. दुपारी घ्या."

"डायलिसिस म्हणजे केशकर्तनालय नव्हे."

"पाइप गळत असेल तर धूर आत येतोय, डॉक्टर. मला मोजायचंय."

त्यांनी वेळापत्रक पुढे ओढलं. सकाळची बॅच दुपारवर गेली. वडकेबाईंनी फोनवर दुपारचीही वेळ नाकारली. बुधवार म्हणजे बुधवार, म्हणाल्या. शनिवारीही आल्या नाहीत तर काय होईल, ते डॉक्टरांनी मला सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

म्हणून मी त्यांच्या जागी बसले होते.

अकरा वाजले. खाली मामांनी इंजिन सुरू केलं असणार. पेटीमुळे वर आवाज येत नव्हता. दहा मिनिटं काहीच झालं नाही. माझ्या हातात गॅस मोजायचं मीटर होतं. कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू त्यात कळतो. त्याला वास नसतो. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो, आणि ज्यांचं रक्त आधीच कमी असतं त्यांना थोडाही पुरतो. डायलिसिसच्या पेशंटचं रक्त कमीच असतं.

सव्वाअकराला भिंतीने श्वास घेतला.

आधी आत घेतला. थांबला. मग सोडला. मला कारण ठाऊक होतं. रिकामं इंजिन एका वेगावर टिकत नाही, चढतं आणि उतरतं, पाइपातला दाब त्याच्याबरोबर हलतो. शनिवारी रात्री मी स्वतः ते कागदावर काढलं होतं. तरी मानेवरचे केस उभे राहिले. जळक्या तेलाचा बारीक वास आला. पाठीमागची भिंत कोमट होऊ लागली, कोणी जवळ येऊन उभं राहिल्यावर जाणवते तेवढीच कोमट. डाव्या खांद्याजवळ. मीटरवरचा आकडा चढत होता. मी आकडाच बघत राहिले, कारण मागे वळून बघणं मला जमेना. पाय जड झाले होते. गॅसने नव्हे. आकडा अजून तेवढा नव्हता.

मीटर किंचाळलं.

"मॅडम!" सिस्टर लता शेवटी आत आल्या. मला दंडाला धरून उठवलं, तशाच खिडक्यांकडे धावल्या आणि सगळ्या उघडल्या. मी मामांना फोन लावला. इंजिनाशेजारी उभ्या माणसाला फोन ऐकू येत नाही. सिस्टर तीन मजले उतरून गेल्या. भिंत आणखी दोनदा श्वास घेऊन थांबली.

दुपारची बॅच दुसऱ्या खोलीत हलवली आणि सुतार बोलावून भिंत उघडली. ती भिंत नव्हतीच. हॉल दोन फूट वाढावा म्हणून कुणीतरी डक्टचं दार काढून जिप्समचं बोर्ड ठोकलं होतं. मागे पाइपचा जोड होता, बरोबर बेडवर बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला. जोड घट्ट बंद ठेवणारं पॅकिंग जळून गेलेलं. जोडातून खाली ओघळलेलं आणि धुराबरोबर वर चढलेलं काळं बोर्डाने शोषून घेतलेलं.

शिंदेमामा डाग आतल्या बाजूने बघत उभे होते.

"मामा, ट्रायल आधीपासून दीड तास चालवता?"

"न्हाय. आधी अर्धा तास. मग धूर काळा यायला लागला. म्हटलं, इंजिन नीट गरम हुईना. म्हनून तासावर नेलं. मग दीड."

"जेवढं रिकामं चालवलंत, तेवढं आत साठत गेलं."

त्यांनी डागाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजी त्या बाईंच्या मागं मीच हुतो?"



संध्याकाळी मी पेठेबाहेर गाडी लावून कसब्यात चालत गेले. वडकेबाईंचे पाय सुजलेले होते, श्वास छोटा झाला होता. मी मोबाइलवर फोटो दाखवले, कागदावर पाइप काढला, मीटरचे आकडे वेळेसकट लिहिले. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ तपासली.

"सव्वाअकरा आणि अकरा वीसमधला आकडा कुठाय?"

"तेव्हा मी घाबरले होते. लिहिला नाही."

पहिल्यांदाच त्या हसल्या. "मग खरं आहे. आता हे नीट लिहून द्या, सही करून. मुलाला वाचू दे."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी त्या आल्या. त्यांनाही त्याच दुसऱ्या खोलीत मशीन लावलं. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि चार तासांनी पुन्हा ऐकलं. पाणी उतरलं होतं. शिंदेमामा दाराशी येऊन हात जोडून उभे राहिले.

"बाई, ते इंजिन माझंच."

"तुम्ही होय? या, बघू तरी." वडकेबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "नाही. तो उंच होता."



पाइप इमारतीच्या बाहेरून नेला. हॉलचे एसी जनरेटरवर घेतले, म्हणजे इंजिनाला पुरेसं काम मिळालं. ट्रायल आता महिन्यातून एकदा, पूर्ण लोड देऊन, रविवारी, जेव्हा कोणी मशीनला लावलेलं नसतं. दोन महिन्यांत धूर इतका पातळ झाला की सोसायटीचे सेक्रेटरी इंजिन बंद आहे का ते विचारायला आले. फिल्टर बसवला, पण त्यानंतर. आधी बसवला असता तर काजळीने तुंबला असता, आणि मागे दाबलेला धूर त्याच जोडातून दुप्पट आत आला असता.

आता कुठेही गेले तरी धुराचा पाइप मी शेवटच्या जोडापर्यंत पायी चालत बघते, नकाशावर विसंबत नाही. आणि ऑपरेटर जेव्हा अभिमानाने म्हणतो की एक ट्रायल चुकवली नाही, तेव्हा आधी विचारते, इमारतीत कोणाचं डोकं दुखतंय का.