मधल्या रेषेवर आडवी पडलेली प्लेट

"सर, आपली प्लेट आडवी पडली," लॅब असिस्टंट कांबळेबाई म्हणाल्या.

मी काचेच्या टँकपाशी गेलो. सकाळी साडेनवाला आम्ही प्लेटचं टोक पाकात बुडवलं होतं. बारापर्यंत तिने तळ गाठायला हवा होता. आता दोन वाजले होते आणि प्लेटबाई मधल्या रेषेवर अंथरूण घातल्यासारख्या पसरल्या होत्या.

मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायचो. पृथ्वीचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं आहे, त्यांना प्लेट म्हणतात. समुद्राखालची प्लेट जुनी झाली की थंड आणि जड होते, आणि दुसऱ्या प्लेटखाली वाकून आत बुडू लागते. आत म्हणजे मँटलमध्ये. मँटल घन खडकाचंच, पण लाखो वर्षांच्या हिशेबात ते पाकासारखं वाहतं. बुडण्याचा वेग साधारण नखं वाढण्याइतका. नखं वाढताना कोणी बघत बसत नाही, म्हणून प्रयोगशाळेत खरोखरच पाक वापरतात. आम्ही उल्हासनगरहून मिठाईवाले वापरतात तो लिक्विड ग्लुकोज आणला. वरचा थर पाणी घालून पातळ केला, खालचा तसाच घट्ट ठेवला; दोन्ही थर भेटतात ती मधली रेषा. कारण साधारण सहाशे साठ किलोमीटर खोलीवर मँटल एकदम चिवट होतं. प्लेट म्हणून लोखंडाची पूड मळलेली सिलिकॉनची पुट्टी.

हा खटाटोप आप्पांसाठी होता. आप्पा आमचे ट्रस्टी. आमची लॅब काढून तिथे एआय सेंटर करावं, असं प्रिन्सिपॉलसाहेबांनी सुचवलं होतं. आप्पा लॅब बघून निर्णय देणार होते. खोली गेली तर दगडांचे नमुने जिन्याखाली, मी पर्यावरणाच्या सक्तीच्या पेपरावर आणि कंत्राटावरच्या कांबळेबाई घरी.

लॅब काढायची असली तरी समारंभ सोडणं साहेबांच्या स्वभावात नव्हतं. त्यांना बटण हवं होतं.

"बटण कशाला? प्लेट आपोआप बुडते."

"मग पाहुणे दाबणार काय?"

शेवटी टँकमागच्या दिव्याचं बटण दाबायचं ठरलं.

आता साहेब धावत आले. "आप्पा शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून सुटलेत. आणि हे काय? अडकली? मोजपट्टीने ढकला ना खाली."

"पृथ्वीत कोण ढकलतं, साहेब?"

"पृथ्वीचं इन्स्पेक्शन नसतं!"

तेवढ्यात कांबळेबाई म्हणाल्या, "सर, काचेला हात लावून बघा. बर्फ आहे नुसता."

आप्पांना घाम येऊ नये म्हणून साहेबांनी सकाळपासून एसी सोळावर लावून ठेवला होता. थंडीत ग्लुकोज भलताच घट्ट होतो. त्यात खालचा थर मुळातच घट्ट. प्लेटची वाट तिथे बंद झाली होती.

आप्पा आले. पांढरा शर्ट, हातात काठी. त्यांच्या घराण्याची मिठागरं होती, आता तिथे टॉवर आहेत. साहेबांनी शाल घातली, बटण दाबलं, दिवा लागला, टाळ्या झाल्या.

"थोडा टेक्निकल प्रॉब्लेम आहे, आप्पा," साहेब म्हणाले. "आपण वर प्रेझेंटेशनला जाऊ."

"प्रॉब्लेम नाही," मी म्हणालो. "खऱ्या प्लेटसुद्धा असं करतात. जपानपाशी आत गेलेली प्लेट चीनखाली अशीच आडवी पसरली आहे. मध्य अमेरिकेखालची मात्र आरपार गेली. भूकंपाच्या लाटा थंड खडकातून जरा जोरात पळतात, त्यावरून कळतं."

"मग भिंतीवरच्या पोस्टरवर सगळ्या सरळ खाली का दाखवल्यात?" साहेबांनी विचारलं.

"पोस्टर तुम्ही करवून घेतलंत."

आप्पांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ते काठी टेकून टँकसमोर वाकले होते.

"खालचा पाक जास्त घट्ट हाय ना, मास्तर?"

"हो."

"मंग बरोबर हाय. आमचे मिठागरान बांधाचे दाराची फली चिखलान पडायची. वरचा चिखल मऊ, त्यातून सरसर उतरायची. खाली चिकन माती लागली का आडवी. माझा बा बोलायचा, थांबली नाय रं, दम खाते. दुसरे दिवशी बघावं तं वीतभर खाली."

पंचवीस वर्षं मी हे फळ्यावर दोन तासिका घेऊन शिकवत होतो.

"ही कवा उतरंल?"

"एसी बंद केला तर संध्याकाळपर्यंत एखादं टोक वाकेल."

"कर बंद. एक स्टूल दे."

"आप्पा, प्रेझेंटेशन..."

"तू जा वर, तू बघ. मी हिला बघतो."

साहेब गेले नाहीत. आप्पांसाठी आणलेला बुके हातात धरून उभे राहिले. आप्पांनी शाल काढली, मग शर्टाचं वरचं बटण. कांबळेबाईंनी चहा आणला. कोणी भाषण केलं नाही. साडेपाचला प्लेटचा एक कोपरा रेषेखाली लोंबला, जेमतेम नखाएवढा.

"बघ, बघ, चालली!" आप्पा ओरडले. मग साहेबांकडे वळले. "आता ही खोली कशी काढनार? हिचा काम अर्धा हाय."

एआय सेंटर साहेबांच्या कॉन्फरन्स रूममध्ये झालं. कांबळेबाईंचं कंत्राट वाढलं. प्लेटला तळ गाठायला पुढचे दोन दिवस लागले. आप्पा रोज फोन करून चौकशी करायचे.

यातून मी एवढंच शिकलो: विज्ञानावर तासभर बोलणाऱ्यापेक्षा विज्ञानासमोर तासभर गप्प बसणारा माणूस विभागाला जास्त उपयोगी पडतो. पुढच्या मागणीपत्रात मी उपकरणं लिहिली नाहीत, सहा स्टुलं लिहिली. तीन मंजूर झाली.