आधी दार, मग नाव

आमची गोव्याची ट्रॅव्हल्सची गाडी अमरावतीहून चारला सुटायची होती. ड्रायव्हरला चहा प्यायचा होता, कुणाचं तरी कपाट टपावर चढवायचं होतं, त्यामुळे ती सुटली पाचच्याही पुढे. या खोळंब्याने माझी फार पंचाईत केली. चटकन निघाले असते तर रडले नसते. आई खिडकीखाली उभी राहून तेच ते सांगत होती, “पोचली की फोन कर, भाताले कंटाळू नको, तब्येत सांभाळ.” आणि बाबा रस्त्याच्या पलीकडे रसवंतीच्या सावलीत आमच्याकडे पाठ करून उभे होते. मला सोडायला ते आलेही होते आणि आले नव्हतेही.

बाबा भिक्षुकी करतात. अमरावतीपासून वरूडपर्यंत संत्र्याच्या बागा असलेल्या कितीतरी घरांतल्या वास्तुशांती, सत्यनारायण, मुंजी त्यांच्याच हातच्या. मी चित्रकलेची पदविका घेऊन राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात बोर्ड डिझाइन करत होते. दवाखाने, कोचिंग क्लासेस, लग्नाचे हॉल आणि वरूडचे संत्रा व्यापारी. या व्यापाऱ्यांना बोर्डावरचं संत्रं भडक केशरीच लागायचं. “अहो, तुमच्या बागेतलं तर हिरवट असतं,” म्हटलं की म्हणायचे, “ते गिऱ्हाइकाले कोण सांगते बाप्पा!” या धंद्याचा पहिला धडा मी त्यांच्याकडूनच शिकले.

मग गोव्याहून बोलावणं आलं. इमारतींच्या बाहेरच्या रोषणाईची कंपनी होती आणि तिचं मोठं काम कॅसिनोचं. घरी सांगितलं तेव्हा बाबा संध्येला बसायच्या तयारीत होते. ते शांतपणे म्हणाले, “जुगाराच्या घराले रोषणाई करायले चालली तू. जाय. मी अडवत नाही. पण त्या कमाईचा घास मी खाणार नाही.” बाबा चिडले असते तर मी भांडले असते. ते चिडले नाहीत, म्हणून मला कळलं की हे कायमचं आहे.

आमच्या पिढीतले जे अमरावती-अकोल्यातच राहिले त्यांना वाटतं, गेलेली पोरं मजेत आहेत. जे गेले त्यांना वाटतं, राहिलेले सुखात आहेत. मला दोन्हीकडचे फोन येतात, म्हणून सांगते, दोघांचाही गैरसमज आहे. मी गेले तेव्हा फोंड्याच्या एका खोलीत पहिले कित्येक महिने नुसता पाव आणि भाजी खाल्ली. इथल्या लोकांना माझं बोलणं भांडल्यासारखं वाटायचं. साइटवरचे वायरमन मला पाहिलं की शिडीवरून खाली यायचे, मॅडम रागावल्या समजून. मी रागावलेली नसायचेच. मी फक्त विचारलेलं असायचं, “हे काहून असं लावलं?”

आणि तिकडे अकोल्याला मावसबहिणीच्या लग्नात कुणी माझी चौकशी केली की बाबा सांगायचे, “पोरगी लाइटीच्या खात्यात आहे.” मावशी मला फोनवर हसत हसत सांगायची. निम्म्या नातेवाइकांना अजून वाटतं मी खांबावर चढते. मलाही हसू यायचं, पण फोन ठेवल्यावर वाईट वाटायचं. माझं काम बाबांना चारचौघांत सांगता येत नाही, हे मला बोचत होतं. तरीही मी सोडणार नव्हते. चांगलं काम करून दाखवायचं आणि एक दिवस त्यांनी माझ्या घरी जेवायचं, या दोन्ही गोष्टी होणार असं मी ठरवूनच टाकलं होतं. कशा होणार ते मात्र माहीत नव्हतं.

बरीच वर्षं बारच्या आणि हॉटेलांच्या पाट्या केल्यावर मला एक अख्खी इमारत मिळाली. टेकडीवरचं कॅसिनो हॉटेल, थीम जहाजाची. म्हणजे खरोखर जमिनीवर उभं केलेलं गलबत. दर्शनी भिंतीला लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्या, वर पत्र्याच्या जाळीची तीन शिडं, खाली कारंज्यांचं पाणी. पूर्वी अशा कामाला काचेच्या नळ्यांचा निऑन लागायचा. आता एलईडीच्या लवचिक पट्ट्या येतात, वाकतील तशा वाकतात, सगळे त्यालाही निऑनच म्हणतात. शिडांच्या कडांना मी पांढरा प्रकाश दिला, फळ्यांना मधाचा रंग. पायथ्याशी निळ्या लाटा ठेवल्या, एकीमागून एक पळणाऱ्या. हॉटेलचं नाव सगळ्यात वर, डोलकाठीवर, लाल. क्लायंटने लाल म्हटलं होतं, मी वाद घातला नाही. तो वरूडचा धडा मी विसरलेले नव्हते.

घोळ झाला तो पेटण्याच्या क्रमात. एवढी रोषणाई एकदम लावत नाहीत, कंट्रोलरमध्ये क्रम भरावा लागतो. तो मी भरला होता. पहिल्या चाचणीच्या संध्याकाळी बटण दाबलं आणि एवढ्या अवाढव्य गलबताचं फक्त दार उजळलं. दोन्ही बाजूचे कंदील आणि उंबऱ्यावरची एक पिवळी रेघ. बाकी सगळा अंधार. मग सावकाश लाटा, मग फळ्या, शिडं आणि शेवटी नाव. मुंबईहून आलेल्या सल्लागार बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. “नाव शेवटी? हायवेवरून लोकांना आधी नाव दिसायला नको?” त्यांचं बरोबरच होतं. पाटीचा पहिला नियम तोच आहे आणि तो मीच नवीन मुलींना शिकवते.

मी रात्रभर विचार करत होते, हे मी केलं कसं? आणि मग लक्षात आलं. आमच्याकडे दिवेलागणीला आई आधी दारातला दिवा लावते. तो लागल्याशिवाय घरातलं एकही बटण दाबायचं नाही. अभ्यास अडला तरी नाही, टीव्हीवर मॅच असली तरी नाही. दारातला दिवा लागला की जो जिथे असेल त्याने तिथेच हात जोडायचे. माझ्या हाताने कंट्रोलरमध्ये तोच क्रम भरला होता, मला न विचारता. चूक खरीच होती, पण एकदा कळल्यावर ती दुरुस्त करायला माझं मन होईना.

सकाळी मी क्लायंटना सांगितलं, “नाव वाचून माणूस थांबतो. दार दिसलं की आत येतो. तुम्हाला काय हवंय?” ते म्हणाले, “संध्याकाळी दोन्ही दाखवा, मी स्वतः बघतो.”

नेमका त्याच दिवशी बाबांचा फोन आला. वरूडच्या एका बागाइतदाराने गोव्यात फ्लॅट घेतला होता आणि वास्तुशांतीला त्याला घरचेच गुरुजी हवे होते. इतक्या वर्षांत बाबा पहिल्यांदा गोव्यात आले होते, तेही यजमानाच्या गाडीतून. “मी यजमानाकडेच उतरलो आहे,” त्यांनी आधीच सांगून टाकलं. “संध्याकाळी भेटतो तुले. तू काम करून राहिली तिथंच येतो. पण आत येणार नाही.”

ते आले आणि समोरच्या बसथांब्यावर उभे राहिले. धोतर, खांद्यावर उपरणं, हातात कापडी पिशवी. माझा कंट्रोलरही तिथेच, रस्त्याच्या याच बाजूला होता, कारण रोषणाई लांबूनच तपासावी लागते. क्लायंट आणि सल्लागार बाई थोड्या अंतरावर. सूर्य बुडाला होता. मी बाबांना नीट काही बोललेही नाही, पायाला हात लावला आणि बटणाकडे वळले. बटण दाबायच्या आधी मी क्रम पुन्हा एकदा तपासला. नोकरी जाईल म्हणून नव्हे. ज्यावरून आमच्यात इतकी वर्षं अबोला होता, ती गोष्ट मी त्यांच्या डोळ्यांसमोर पेटवणार होते.

बटण दाबलं. दार उजळलं. मी वळून पाहिलं तर बाबांनी पिशवी काखेत मारून हात जोडले होते, डोळे मिटून, ओठ हलत होते. डोळे उघडले तेव्हा लाटा सुरू झाल्या होत्या आणि समोर काय आहे ते त्यांच्या ध्यानात आलं. हात खाली आले. शिडं उजळली, वर लाल नाव पेटलं. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “हात दिव्याले जोडले मी. तुह्या मालकाले नाही.”

“माहीत आहे बाबा.”

“दारातला पहिले लावला तू?”

“हो.”

“मंग ठीक आहे,” ते म्हणाले. माझ्या कामाबद्दल ते एवढंच बोलले. मला ते पुष्कळ होतं.

क्लायंटने मग दुसरा क्रमही पाहिला आणि धंदेवाल्या माणसासारखा निकाल दिला. सोमवार ते गुरुवार आधी दार, शुक्रवारपासून गर्दीच्या दिवसांत आधी नाव. सल्लागार बाई हसल्या, मीही हसले. संपूर्ण जिंकल्याचा आनंद मला आयुष्यात कमीच मिळाला आहे.

बाबांना यजमानाकडे सोडायला मी गाडी काढली तर म्हणाले, “तुही खोली कुठं आहे?” खोली आता फ्लॅट झाली आहे हे त्यांना आईने सांगितलं असणारच. घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, पाणी मागितलं नाही. मीच पेला पुढे केला. “नळाचं आहे बाबा, मालकाचं नाही.” ते गालात हसले आणि प्यायले. मग कापडी पिशवी ओट्यावर ठेवून एकेक वस्तू बाहेर काढली. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, तिखटाची पुडी, मिठाचीसुद्धा पुडी. अमरावतीहून आणलेलं सगळं.

मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि रडले. यजमानाकडे उतरलेला माणूस पीठ घेऊन कशाला निघेल? म्हणजे माझ्याकडे यायचं हे त्यांनी घरूनच ठरवलं होतं, ते गलबत पाहायच्या कितीतरी आधी. शब्दही मोडायचा नव्हता आणि लेकही सोडायची नव्हती. त्यांनी त्यातून ही वाट काढली होती. हट्टीपणा मी कुणाकडून घेतला हे कुणी मला सांगायला नको.

त्यांच्या पिठाच्या भाकरी मी थापल्या. ते दोन दिवस राहिले. निघताना उरलेलं पीठ पिशवीत भरायला गेले तर मी डबा पुढे केला. त्यांनी पीठ डब्यात ओतलं आणि म्हणाले, “राहू दे. पुढल्या खेपेले लागन.”

मला लोक विचारतात, गावाकडे परत कधी येणार? मी आता सरळ सांगते, येऊन जाऊन राहीन, पण काम इथेच करणार. घर म्हणजे काय याचं माझं उत्तर बदललं आहे. जिथे आपल्याला काही लपवून बसावं लागत नाही, ते घर. त्या हिशेबाने माझं घर अजून अर्धंच झालं होतं.

कारण गोव्याच्या दमट हवेत पीठ टिकत नाही. त्याला वास यायच्या आत मी ते खाऊन संपवलं. म्हापशाच्या बाजारातून ज्वारी आणली, इथल्या गिरणीत दळली आणि तो डबा पुन्हा भरला. न सांगता वाढलं असतं तर बाबांना कळलंही नसतं. पण मला तसं जेवण नको होतं. परवा त्यांचा फोन आला, दिवाळीनंतर येतो म्हणाले, तेव्हा मी सांगून टाकलं, “बाबा, तुमचं पीठ संपलं. आता डब्यात आहे ते माझ्या पगाराचं आहे. खायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

मागे आई काहीतरी विचारत होती, तिला त्यांनी थांबवलं असावं. मला वाटलं, संपलं.

मग बाबा म्हणाले, “तिकडची गिरणी जाड दळते. गिरणीवाल्याले सांगून बारीक दळून आनजो.”