चार तेलं, सकाळ-संध्याकाळ

गेल्या वर्षी तापातून उठल्यावर माझ्या बायकोला वास येईनासा झाला. येईल आठ-दहा दिवसांत, म्हणून आम्ही दोघांनीही मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी ती गॅसकडे पाठ करून केळफूल सोलत बसली होती आणि मागे दूध करपून पातेलं काळं पडलं. तिला पत्ताच नाही. मी अंगणातून धावत आलो. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली.

आमच्या कुंभकोणममधल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी अशी चार तेलं आणायला सांगितली. कापसावर दोन थेंब टाकायचे, नाकापासून चार बोटं लांब धरून सावकाश हुंगायचं. "तो वास पूर्वी कसा होता, ते आठवत राहा," ते तमिळमध्ये म्हणाले.

दोन महिने झाले तरी काही नाही. एके दिवशी चिडून तिनं लवंगेच्या तेलात बोट बुडवलं आणि थेट नाकपुडीत फिरवलं. ती किंचाळली. मी तिला नळाखाली नेलं, पण पाण्यानं आग कमी होईना. डॉक्टरांना फोन केला. "खोबरेल तेलाच्या बोळ्यानं हलकेच पुसा आणि इकडे या," ते म्हणाले. त्यांनी तपासलं, तर आतली कातडी सोलवटली होती. ते रागावले ते माझ्यावर. "हे असं नुसतं, पातळ न करता अंगाला लावायचं नसतं, पोटात तर थेंबभरही जाऊ द्यायचं नाही. नातवंडं येतात ना घरी? बाटल्या कुलपात ठेवा."

मला लाज वाटली. झाडापासूनच काढलेलं, त्यात भ्यायचं काय, असं मीच तिला सांगत आलो होतो.

जखम भरल्यावर ती पुन्हा बसली. या वेळी मीही समोर बसलो. "तुम्हाला काय वाटतं ते सांगा," ती म्हणायची. निलगिरीचा वास कसा, हे सांगताना मी अडखळायचो. साठ वर्षं तो वास घेतला, पण त्याच्यासाठी शब्द एकही नव्हता.

आधी लिंबू आलं, तेही जळक्या रबरासारखं.

पुढे एकदा समई आणायला नाचियार्कोविलला गेलो होतो. परतीच्या बसमध्ये तिनं माझा दंड घट्ट धरला. "अहो, सुकी मासळी!" पुढच्या बाईच्या टोपलीत होती खरी. आमच्या घरात मासे कधी शिजले नाहीत. एरवी पदर नाकाला लावून तिनं जागा बदलली असती. त्या दिवशी कुंभकोणम येईपर्यंत ती पुढे झुकून तशीच बसून राहिली.