दोन चाकांचे खेकडे

पुढचं पाऊल टाकायच्या आधी ती टाच दाबून बघायची. एकदा, दोनदा. मग जरा थांबायची आणि मागे न बघता म्हणायची, "हितं न्हाई." मागे आम्ही उभे. पायांत भारीतले बूट, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ, खिशात अख्ख्या पृथ्वीचा नकाशा. आणि पुढे एक अनवाणी बाई आम्हाला सांगायची की जमीन कुठे आहे आणि कुठे नाही.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. रविवारी सकाळी अंगाला चिकटलेले भडक कपडे घालून टपरीवर उभी असलेली, सायकल कमी चालवणारी आणि सायकलवर जास्त बोलणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. तेच आम्ही. नांद्याच्या एका सोसायटीत राहतो, हिंजवडीत नोकऱ्या करतो, आणि पाच दिवस खुर्चीत बसून आलेला शीण सहाव्या-सातव्या दिवशी दुसऱ्या खुर्चीवर बसून घालवतो. फक्त तिला चाकं असतात. मी मूळचा बार्शीचा. आमच्याकडची काळी माती पायाला चिकटते, पण माणूस गिळत नाही. त्यामुळे ऑगस्टात रिहे गावाच्या वरच्या पठारावरून चाळीस सायकली न्यायचा बेत निघाला, तेव्हा वाट आखायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

वाट आखली एप्रिलमध्ये, पंख्याखाली बसून. उपग्रहाच्या चित्रात पठार खडखडीत वाळलेलं दिसत होतं, आणि त्याच्या उतारावर बारीक, वळणदार, एकसारख्या रुंदीच्या पायवाटाच पायवाटा. मला वाटलं, सायकलवाल्यांसाठीच कुणीतरी करून ठेवल्यात. ओढली त्यांवरून हिरवी रेघ. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, मी उपग्रहावरून सायकली हाकल्या. आमच्या ग्रुपचे अध्यक्ष एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यामुळे रविवारीही ते मोठ्या हुद्द्यावरच असतात. त्यांनी रेघ बघून "एपिक" असा शेरा दिला आणि बेत पक्का झाला.

जुलैत मी वाट प्रत्यक्ष बघायला गेलो, तेव्हा ती भेटली. लुगडं वर खोचलेलं, कोपरापर्यंत हात चिखलात. भाताच्या खाचराच्या बांधाला ओला चिखल थापत होती. मी आपलं तिचं वय बघून म्हटलं, "आजी..."

"आजी? तुजं बी क्यास गेल्यात की! म्हनं आजी."

"मग काय म्हणू?"

"काय नगं म्हनू. म्होरंच हुबी हाय, हाक कशाला मारतुयास?"

म्हणून मी तिला कधीच हाक मारली नाही, आणि इथेही तिचं नाव लिहीत नाही.

मी मोबाइलवरची रेघ दाखवली. तिनं हात लुगड्याला पुसले, मान मागे घेऊन चित्र बघितलं आणि बोट ठेवलं. "ह्यो माजा बांध."

"ही पायवाट आहे."

"पायवाट तुज्या घरी! बांध हाय त्यो. ह्यो बी बांध, ह्यो बी. आन् ह्यो माज्या धाकल्या दिराचा, निम्मा पडलाय. त्येला कवाधरनं सांगतीया, बांध घाल."

उपग्रहाला न दिसलेली भाऊबंदकी तिला दिसली! माझ्या पायवाटा म्हणजे खाचरांच्या भिंती होत्या. तिची खाचरं तीन, पायऱ्यांसारखी एकाखाली एक. वरचा बांध फुटला तर सगळं पाणी खालच्या दोन्हींत घुसणार आणि नुकती लावलेली रोपं उपटून ओढ्याला जाणार. ओल्या बांधावर ती पोटच्या पोरालाही पाय ठेवू देत नसे. हा पोरगा पिरंगुटच्या एका कारखान्यात कामाला होता आणि जमीन विकून टाकू म्हणून मागे लागला होता. ही म्हणायची, औंदाचं भात निघू दे, मग बघू. औंदा, औंदा करत तिनं बरीच वर्षं काढली होती. पण एका वर्षी जरी भात गेलं, तरी तिच्याकडे बोलायला काही उरलं नसतं.

"खेकडं बांध पोखरत्यात," ती म्हणाली. "रोज हुडकून काडती. आन् तू चाळीस आनतुयास. दोन चाकाचं!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खळखळून हसली.

मला वाटलं, आता हाकलणार. पण तिनं हात धुतले. "चल, दावती दुसरी वाट. न्हाई तर मरशील कुटंतरी."

पुढचे तीन रविवार तिनं मला पठारावर फिरवलं. सगळीकडे लुसलुशीत गवत. मला सगळं सारखंच दिसायचं. "त्येच्याखाली काय बी न्हाई," ती म्हणायची. एकदा मी शहाणपणा करून तिला न विचारता पाय टाकला आणि मांडीपर्यंत आत गेलो. तिनं काखेत हात घालून मला ओढून काढलं. बूट आतच राहिला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "म्हशीची घंटा बी तितंच हाय."

त्या जागेचं नाव म्हशीची जागा. पुढे एक जावयाची जागा होती. कुणाचा तरी जावई धोंड्याच्या महिन्यात नवे कपडे घालून आला, मी मधल्या वाटेनं जातो म्हणाला आणि छातीपर्यंत रुतला. "सोन्याची अंगटी वाचली," ती कौतुकानं सांगायची. मी ही नावं फाईलमध्ये 'सेक्टर तीन' आणि 'सेक्टर चार' अशी लिहून घेतली. आज लाज वाटते.

नवी वाट कातळावरून जायची, तीन किलोमीटर वळशाची, बांधांना अजिबात न शिवणारी. मी ती ग्रुपवर टाकली. पहिल्या फाईलचं नाव 'फायनल' होतं, म्हणून हिचं ठेवलं 'फायनल नवीन'. मग एक वळण बदललं, तेव्हा 'फायनल नवीन खरं'. जुन्या दोन्ही तिथेच राहू दिल्या. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात असंच करतात हो, कुणी काही पुसत नाही.

ठरलेल्या रविवारी झिमझिम पाऊस होता. मी धरून तीस जण पुढे निघालो. अध्यक्ष आणि नऊ जण मागे राहिले, कारण फोटोवाला यायचा होता. आम्ही कातळावर चढलो आणि खालून आरडाओरडा ऐकू आला. वाकून बघतो तर उतारावर बांधावरून एकामागे एक पिवळी जाकिटं. अध्यक्षांच्या सायकलवरच्या वाट दाखवणाऱ्या यंत्रात जुनी 'फायनल' होती. यंत्रानं डावीकडे सांगितलं, साहेब डावीकडे वळले. ऑफिसात लोक त्यांचं ऐकतात ना, तसंच ते यंत्राचं ऐकतात.

सायकल टाकून मी धावत, घसरत खाली आलो. वरचा बांध दोन हात फुटला होता आणि त्या भगदाडात ती बसली होती. पाठ पाण्याकडे, पाय खालच्या खाचरात पसरलेले, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरलेल्या. पाणी बगलेपर्यंत. एकजण मोबाइलवर हे टिपत होता. अध्यक्ष म्हणाले, "आपण कुणाला कॉल करू या का?"

"फोन ठिव खाली, भाड्या! धोंडं आन!"

मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला असं कुणी बोललं नसावं. ते पळाले आणि खरंच धोंडा घेऊन आले. मग सगळे आले. वरचे बाकीचेही उतरले, ओळ लागली, हातोहात धोंडे, गवताची ढेपळं, चिखल. कुणी पाठीवरची पिशवी कोंबली, कुणी जाकीट. ती बसल्या जागेवरून सांगत होती, कोणता धोंडा कुठे. ओठ काळेनिळे पडले होते.

मी म्हटलं, "उठा आता. मी बसतो तिथं."

"तू? तुला सोताचा बूट राखता आला न्हाई."

पाणी थांबलं तेव्हाच ती उठली. दोघांनी धरून उठवावं लागलं. खालची रोपं आडवी झाली होती, पण मुळं धरून होती. भात वाचलं होतं. थरथरत तिनं आम्हा सगळ्यांना घरी नेलं आणि चहा ठेवला. अध्यक्षांनी उभं राहून माफीचं भाषण सुरू केलं. "येवडं बोलाया लागत न्हाई," ती म्हणाली. "चुकलं म्हनावं, झालं." ते म्हणाले, "चुकलं." हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

आणि खरं सांगू? चूक त्यांची नव्हतीच. जुनी फाईल मी पुसली नव्हती. हे तिथंच बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. सगळ्यांसमोर तिच्या नजरेतून उतरायची भीती वाटली. मी मान खाली घालून चहा प्यायलो आणि ठरवलं, दिवाळीनंतर भात कापायला आलं की एकटा येऊन सांगेन.

ती दिवाळीतच गेली. पाण्यात बसल्यामुळे नाही, जुनं दुखणं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी मुलाला दोनदा विचारून खात्री करून घेतली. माझ्या मनाला मात्र ती खात्री अजून झालेली नाही.

पंधरा दिवसांनी मुलाचाच फोन आला. "आई सांगून गेलीया. वरच्या खाचराचं भात सायकलवाल्यास्नी कापू दे म्हनली. बांध त्यांनी घातलाय."

चाळीसपैकी सात जण आलो. अध्यक्ष होते. भात कमरेएवढं उभं होतं, लोंब्या वाकलेल्या. जमिनीचं आता काय करणार, हे तिच्या मुलाला विचारायचा धीर मला झाला नाही. पण दुसरं सांगायचं होतं, ते मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. फाईल, जुनं नाव, माझं गप्प बसणं, सगळं.

त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "आता मला सांगून काय उपेग?" तो म्हणाला, आणि विळा माझ्या हातात दिला.

मी वाकलो आणि कापायला लागलो.